काढता न येणारी चिप

"जावईबापू, तुमची पेटी पुन्हा मेली," सासऱ्यांनी दारातच सांगितलं. जावयाने चपला काढल्या आणि मुकाट्याने गच्चीचा जिना चढला. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारी ती पेटी त्याने स्वतः बनवली होती. अशा पेट्या विकणं हाच त्याचा धंदा. बाकी सगळीकडे त्या गुमान चालायच्या. नेमकी सासुरवाडीची पेटी दर रविवारी मान टाकायची.

सासरे मागोमाग येऊन यथेच्छ तोंडसुख घ्यायचे. आमच्या पोरीने हा इंजिनियर कुठून शोधून काढला, इथपासून सुरुवात. जावयाला ते फार लागायचं. या माणसाने एकदा तरी आपल्याला शाबास म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

पेटीची सगळी अक्कल नखाएवढ्या मेमरी कार्डात होती. पेटी त्यावर सतत नोंदी लिहिते, त्याने कार्ड झिजत असेल, म्हणून त्याने महागातलं कार्ड घातलं. तरी रडगाणं चालूच. मग एकदा कार्ड खाचेत सैल सापडलं. पंपाच्या हादऱ्यांनी निघत असणार, असं त्याने ठरवलं. आज तो नवा बोर्डच घेऊन आला होता.

"यात कार्ड नाही," तो म्हणाला. "चिप बोर्डालाच सोल्डर केलीय."

"म्हणजे काढताच येणार नाही?"

"नाही. आता दर रविवारी मला बोलवावं लागणार नाही."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. एका दमात पाच टोमणे मारणारा माणूस नुसता टाकीकडे बघत राहिला. पलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या सासूबाईंना मात्र हसू आवरेना.

"आता शनिवारी चिमटा घेऊन काय उपटणार हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

सासऱ्यांचे कान लाल झाले. पेटी दुरुस्त झाली तरी हे आपल्याला संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत, टोमणे मारत मारत ताटात वाढत राहतात, हे जावयाच्या आत्ता ध्यानात आलं. त्याला हसूही आलं आणि भरूनही आलं.

त्याने नवा बोर्ड पिशवीत टाकला. जुनं कार्ड खाचेत बसवलं आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, की या चिपचं अजून काही खरं नाही, तूर्त कार्डच बरं.

सासऱ्यांनी घसा खाकरला.

"तुमच्या हातचं काम ते, बिघडणारच. रविवारी जरा लवकर या."