सूत्रसंचालन : चैताली

नोकरीला उपयोगी पडेल म्हणून कॉलेजात आम्हाला वेबिनार चालवायला शिकवलं. सरांचा एकच धोशा असायचा, “मध्येच कुणाचा आवाज आला की लगेच म्यूट करा, विचार करत बसू नका.”

बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत माणसं मावणार नव्हती, म्हणून बाबांची शोकसभा ऑनलाइन ठेवली. काका म्हणाले, “चैताली, शिकलीयेस ना? मग तूच घे.”

मी सगळ्यांचं स्वागत केलं, बोलणाऱ्यांची नावं पुकारली. आत्या बोलत असताना कुणीतरी हमसून रडायला लागलं. बघितलं तर आई, आतल्या खोलीतून तिच्या फोनवर जॉइन झालेली. मी तिला म्यूट केलं.

“हं, आता क्लिअर येतंय,” काका म्हणाले.


भिंतीपलीकडून आई मला ऐकू येतच राहिली.