अर्धा राहिलेला धवला

पडद्यावर लग्नाचा मांडव दिसला आणि बाईजाने पदर कमरेला खोचला, लग्नघरी खोचावा तसा.

"आये, आता तूच येशील बघ," मनोज म्हणाला. जुन्या काळच्या सिनेमात आई दिसते, ते सगळ्यांना दाखवायला त्याने सगळे घर जीपमध्ये घालून मुरबाडच्या थेटरात आणले होते. पलीकडे नात संजीवनी बसली होती. तिची हळद आठ दिवसांवर आली होती.

"आजे, माझ्या लग्नात तरी गाशील ना गो?" तिने हळूच विचारले.

"त्यांना माघारी धाडल्याबिगर नाय."

दोन वर्षांपूर्वी सिनेमावाल्यांनी गावच्या नदीकाठी खोटे लग्न मांडले, तेव्हा धवला गाऊन लग्न लावणारी धवलेरी म्हणून बाईजालाच उभे केले होते. लग्न खोटे असले, तरी ती खोटे गाणार कशी? तिने पहिल्या ओळीपासून धवला धरला. डोंगरावरचा, शिवेवरचा, पाणवठ्यावरचा एकेक देव नाव घेऊन मांडवात बोलावला. त्यांना निरोप द्यायचे कडवे यायच्या आतच कोणी "कट" म्हणून ओरडले. माणसांनी मांडव उपटला. देव तिथेच उभे राहिले. त्यानंतर बाईजाने एकाही लग्नात तोंड उघडले नव्हते. दारात ताटकळलेल्या पाहुण्याला दुसऱ्या घरचे आवतण कोणत्या तोंडाने द्यायचे?

पडद्यावरची बाईजा गाऊ लागली. खुर्चीतली बाईजा ओठ मिटून एकेक नाव ऐकत होती. शेवटचे नाव आले आणि आवाज दोरा तोडावा तसा तुटला. पडद्यावर घोडे धावू लागले.

बाईजा उठली. तुटल्या जागेपासून तिने पुढची, निरोपाची ओळ उचलली.

"ओ म्हातारे, बस की खाली! आताच दिसलीस ना पडद्यात, आता पुन्ना कशाला?" मागून कोणी ओरडले.

थेटर हसले. मनोजने तिचा हात ओढला. "आये, बस ना गो. लोक काय म्हणतील?"

बाईजाचा सूर हलला. गाणे पुन्हा मध्येच तुटले, तर पुढे जोडायला जागा उरणार नव्हती. रांगेच्या टोकाशी बॅटरीचा उजेड आला; डोअरकीपर गुडघे ओलांडत आत शिरू लागला. दोन ओळी उरल्या होत्या.

"बाबा, हात सोडा तिचा," संजीवनी म्हणाली. मग तीही उभी राहिली आणि धवलेरीच्या मागे गाणाऱ्या बाईने धरावी तशी तिने आजीची ओळ धरली.

उजेड दोघींच्या तोंडावर पडला तेव्हा गाणे संपले होते.

"झालं रे बाबा," बाईजा म्हणाली. ती खाली बसली आणि रांगेतून जाणाऱ्यांना वाट द्यावी तसे तिने पाय आखडून खुर्चीखाली घेतले. संजीवनीनेही घेतले.

डोअरकीपर पुटपुटत मागे वळला. मनोजने दोघींच्या आखडलेल्या पायांकडे पाहिले.

मग त्यानेही पाय आत घेतले.