शेवंताबाईंचा चहा

केंभावी मॅडमनी मनगटाला पट्टा बांधला. औषध कंपनीत आता नियमच होता: निर्णय घेणाऱ्याने रुग्णाशी जोडलेला पट्टा बांधायचा, म्हणजे रुग्णाच्या जिभेला जे लागतं ते त्यालाही लागतं.

"नव्या गोळ्यांनी शेवंताबाईंची गाठ आटतेय, मॅडम," चाचणी बघणारे परचुरे म्हणाले. "पण त्या गोळ्या सोडायचं म्हणतात. सोडल्या तर वाचणार नाहीत."

पडद्यावर शेवंताबाईंनी आपल्या घरी चहाचा घोट घेतला. इकडे मॅडमचं तोंड वाकडं झालं. गंजका खिळा चोखल्यासारखं लागलं.

"कळलं ना?" शेवंताबाई पडद्यावरून म्हणाल्या. "या गोळ्यांनी सगळं अन्न असंच लागतं. असं किती दिवस जगू?"

"आणि मी उगाच चहापत्ती बदलत बसलो!" त्यांचे यजमान म्हणाले.

"तोंडाची चव बिघडणं थांबल्याशिवाय गोळी बाजारात जाणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"एवढ्याशा चवीसाठी वर्ष घालवायचं?"

"पुढच्या वेळी पट्टा तुम्ही बांधा, परचुरे."

चव सुधारणार म्हटल्यावर शेवंताबाईंनी तोवर जुन्याच गोळ्या कशाबशा घेतल्या. वर्षभराने सुधारलेली गोळी सुरू झाली. पट्टा परचुरेंच्या मनगटावर होता. शेवंताबाईंनी घोट घेतला आणि परचुरे खुर्चीतून उठलेच. "आलं! मॅडम, आल्याचा चहा!"

"आलं जास्तच झालंय," शेवंताबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तरी अजून अर्धा कप ओता."