पिचरचा सत्कार

"सौमित्रने सिक्सर मारून मराठी माणसाचं नाव जपानपर्यंत नेलं!" असं माइकवर सांगत हेमचंद्र राजवाड्यांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली. सौमित्र पिचर होता. बेसबॉलमध्ये पिचर चेंडू फेकतो. मारायचं काम समोरच्याचं. पण मंडळाच्या अध्यक्षांना एवढ्यातेवढ्यासाठी कोण अडवणार? शाल नेमकी उजव्या खांद्यावर पडली. त्या खांद्याची दोन ऑपरेशनं झाली होती.

सिंगापूरला क्लेमेंटीच्या हॉलमध्ये महाराष्ट्र मंडळाचा वार्षिक गुणगौरव चालला होता. आधी परीक्षेत चमकलेली मुलं झाली, मग पीएचडी झालेल्या एक बाई झाल्या, आणि बटाटेवडे गार व्हायला लागल्यावर सौमित्रचा नंबर लागला. जपानमधल्या एका छोट्या लीगमध्ये तो आठ वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळतोय, ही बातमी मंडळाला कुठून तरी लागली होती. वडिलांकडून नव्हे. पद्मनाभ इतकी वर्षं पुंगोलमधल्या सगळ्या शेजाऱ्यांना सांगत आले होते, की मुलगा जपानला मॅनेजमेंटमध्ये आहे.

ते पुढच्याच रांगेत बसले होते, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे. "ज्या खेळाला संपायची वेळच ठरलेली नाही, त्यात करिअर कसलं रे?" असं त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. त्यानंतर एकही सामना बघितला नव्हता. सौमित्रला मात्र सगळी वर्षं एकच गोष्ट हवी होती. बाबांनी एकदा, फक्त एकदा, आपल्यासाठी टाळी वाजवावी. असलं काही हवंसं वाटण्याचं वय कधीच सरलं होतं, तरी ते सुटत नव्हतं.

आणि आता टाळी वाजवण्याजोगं काही उरलंच नव्हतं. खांदा कामातून गेला म्हणून संघाने त्याला मोसम संपताच सोडून दिलं होतं. घरचे समजत होते, पोरगा सत्कारापुरता सुट्टीवर आलाय. खोट्या मानाची शाल त्याला टोचायला लागली. खरं बोललो तर चारचौघांत बाबांचं नाक कापलं जाणार, हेही त्याला कळत होतं. तरी त्याने माइक घेतला.

"एक सांगायचंय. मी आता खेळाडू नाही. टीमने मला काढलं."

आई दमयंती डोळे पुसायला पदर शोधू लागली; ती पंजाबी ड्रेसमध्ये होती. हेमचंद्रांनी घसा साफ केला. शाल परत घ्यायची पद्धत आहे का, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"अरेरे! मग आता... करतोस काय?"

"इथेच एका विमा कंपनीत लागलोय. डेटा अ‍ॅनालिस्ट. सोमवारपासून."

"पर्मनंट?"

"हो."

अख्खा हॉल उभा राहिला. भर सामन्यात त्याने ओळीने नऊ जणांना बाद केलं होतं, तेव्हाही एवढा कडकडाट झाला नव्हता. "चला, एकदाचं घोडं गंगेत न्हालं!" मागच्या रांगेतल्या स्मिताकाकू ओरडल्या. "लागला हो मार्गाला," म्हणत दमयंती शेजारणीच्या गळ्यात पडली. कोणीतरी आपली भाची पुण्याला असते, हे सांगून ठेवलं.

आणि पद्मनाभ टाळ्या वाजवत होते. दोन्ही हात वर करून, तळवे लाल होईपर्यंत. सौमित्रला रडू आलं, हसू आलं, आणि दोन्हींचा राग आला.

पद्मनाभ धापा टाकत स्टेजवर चढले. त्यांनी मोबाइल काढला, चष्मा सारखा केला आणि दोन पावलं मागे सरकले.

"सौमित्र, परत एकदा बोल ना राजा. 'मी आता खेळाडू नाही', तिथपासून. मघाशी व्हिडिओ घ्यायचा राहिला."