चिलटांची वडी

माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी म्वायी नावाचा एक पोरगा मलावी सरोवराकाठी आमच्यावर फिल्म करायला आला. पाण्यावर चिलटांचे ढग उठले की आम्ही टोपल्या फिरवून ती पकडतो आणि थापून, भाजून वड्या करतो.

फिल्म तयार झाल्यावर एका गुरुवारी दुपारी त्याने शाळेत चादरीवर ती दाखवली. माझी बहीण झिओने शेजारी बसून वडी खात होती. चादरीवरही तीच बोलत होती, आणि तिच्या ओठांतून ओली, जिवंत चिलटं रांगत बाहेर येत होती.

"मेल्या, हे काय चिकटवलंस माझ्या तोंडाला? बंद कर!" बहीण म्वायीवर ओरडली.

"मावशी, बंदच केलंय." प्रोजेक्टरची उपटलेली वायर म्वायीच्या हातात होती.

चादरीवरची झिओने बोलतच राहिली.

"अगं, थुंक ते!" मी तिच्या तोंडाखाली हात धरला. चावलेला घास माझ्या तळव्यावर वळवळला.

झिओने दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे वारली.