माइक सापडत नाही

अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या विभावरीताईंचा नवा माइक सकाळपासून संगणकाला सापडत नव्हता. वायर चारदा काढून लावली, संगणक तीनदा बंद करून चालू केला. शेवटी त्यांनी वाचनालयात फोन करून माणूस पाठवायला सांगितलं.

तासाभरानं दारात हेरंब उभा राहिला, पांढरी काठी घेऊन.

“अरे देवा, तुलाच पाठवलं?” त्या हळहळल्या.

“संगणकाचं सगळं मीच बघतो, ताई.”

त्यांनी त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्यानं वायर बोटांमधून फिरवली. “फार बारीक आहे. ही नुसती चार्जिंगची असणार, हिच्यातून आवाज जायचा नाही.” खिशातली दुसरी वायर त्यानं जोडली. संगणक टुण्‌कन वाजला, माइकचा दिवा लागला.

विभावरीताई ओशाळल्या. “तुम्हा लोकांसाठी मी किती सावकाश, समजावून वाचते रे. एक दिवससुद्धा बुडवायचा नव्हता.”

हेरंब जरा घुटमळला. “त्याचंच बोलायचं होतं. आम्ही सगळे तुमची पुस्तकं दुप्पट वेगानं ऐकतो. थोडं भरभर वाचाल का?”

विभावरीताईंनी चष्मा पुसला आणि पहिलं पान एका दमात वाचून काढलं.