रबराची कातडी

आम्ही शिकाऊ सर्जन आधी रबराच्या कातडीवर टाके घालायला शिकतो. रिकाम्या सिरिंजने भूल दिल्याचं नाटक करायचं आणि मगच सुई टोचायची, हा सरांचा नियम. आज घाईत मी नाटक टाळलं.

पहिल्या टाक्याला कातडी आक्रसली. वाटलं, माझाच हात थरथरला असेल. दुसऱ्या टाक्याला ती टेबलावर इंचभर मागे सरकली.

सर पाठीशी उभे होते. "भूल दिलीस?"

"रबरच आहे ना, सर."

त्यांचा चेहरा उतरला.

"आता देऊ?"

"आता उपयोग नाही. अर्धवटही सोडता येणार नाही. घाल टाके."

माझी सुई पुढे जाईना. सरांनी कातडीच्या कडेवर अलगद हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"थोडंच राहिलंय, बाळा. हलू नकोस."